किनार

माझी खुर्ची तिसऱ्या खोलीत, दाराच्या डाव्या हाताला.
गुडघ्यांवर राखाडी शाल, खिशात चार पेन्सिली.
कुणी शाईचं पेन काढलं की मी उठते,
काही न बोलता पेन्सिल पुढे करते.
अकरा वर्षांत माझं बोलणं जवळजवळ एवढंच.

कानाझावात पाऊस विचारून येत नाही.
इथली जुनी माणसं बजावतात,
डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस.
म्हणून आमच्या दारापाशी छत्र्यांची घोडी,
प्रत्येक खाच्याला कुलूप, कुलपाला नंबराची किल्ली,
आणि तरी संध्याकाळी ऊन पडलेलं असलं
की एखादी मागे राहतेच.

चित्रं मी बघत नाही.
मला पाठी बघायला ठेवलंय.
पाठीवरून कळतं,
कोण पाटी वाचून चित्र उरकतो,
कुणाचे पाय भरून आलेत,
कोण बसमध्ये भांडून आलंय
आणि आता दोघं दोन भिंतींकडे तोंड करून
सारख्याच फुलदाणीची स्तुती करतायत.

तो दर गुरुवारी यायचा.
इसावो मुराकोशी, पूर्वीचा बस ड्रायव्हर.
नाव नंतर कळलं.
बगळ्याच्या गुंडाळपटासमोर थांबायचा,
पण बगळ्यासमोर नाही;
खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे चित्र संपतं
आणि नुसतं रेशीम उरतं.
वाकायचा. काचेवर त्याच्या श्वासाचं वर्तुळ.
मी उठले. नियमच आहे.
"मी बगळा बघत नाहीये," तो म्हणाला,
जणू त्यानं गुन्हा कमी होणार होता.

मग हळूच, खोलीत बोलावं तेवढंच:
ही किनार क्योकोनं चिकटवली. माझ्या बायकोनं.
खळ दहा वर्षं मुरलेली लागते,
जमिनीखाली माठात, लोणच्यासारखी.
ताज्या खळीनं कागद ताठतो,
मुरलेलीनं नुसता धरून राहतो.
घरभर तो आंबूस वास असायचा,
माझ्या गणवेशालासुद्धा. प्रवासी नाक मुरडायचे.
आणि इथे बघा, या वेलीत,
एक पान पुढच्या पानाला जुळत नाही.
केसभर.
ती त्या रात्री जेवली नाही.
मी म्हणालो, कोण बघणारे?

एवढं बोलून तो थांबला.
मी पेन्सिल पुढे केली. का, कुणास ठाऊक.
त्यानं ती घेतली, बोटांत फिरवली, परत दिली.

पाटीवर चित्रकाराचं नाव आहे, पुढे "बहुधा".
रेशमावर शाई. कुठल्या घराण्याकडून आला.
उंची, रुंदी, किनार सोडून.

काल शेवटचा दिवस.
तो आला, गुरुवार नसताना, रविवारच्या गर्दीत.
एका लहान मुलीनं बगळ्यासारखा एक पाय वर धरला,
सगळे हसले, तोही हसला,
मग बराच वेळ त्याची पाठ तशीच.
वयस्कांचं सवलतीचं तिकीट त्यानं
चार घड्या करून खिशात घातलं
आणि मला वाकून नमस्कार केला,
शेवटच्या थांब्यावर करतात तसा.

पाचला सगळे गेले.
मी चष्मा काढला, काचेशी गेले.
वेल बघितली, पान पान,
उजवीकडून डावीकडे, मग उलटी.
सगळी पानं जुळत होती.
किंवा मला बघताच येत नाही;
अकरा वर्षं पाठी बघून डोळे तसेच झालेत.

आज सोमवार, संग्रहालय बंद.
आता आत पांढरे हातमोजे असतील,
बगळा पायापासून गुंडाळला जात असेल.
मग पेटी, पेटीवर कापड, कापडाला गाठ.
चार वर्षांनी उघडतील.
तो तेव्हा ब्याऐंशीचा.

छत्र्यांच्या घोडीत एक्केचाळीस नंबर भरलेला आहे.
किल्ली नाही.
त्याचीच असेल असं नाही.